रंभाबाईंचा दुसरा कान

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. मी जिवंत आहे. रोज शाळेत येते, डब्यातली भाकरी आणि सुकटाची चटणी खाते, गणितात नापास होते. मेलेली माणसं यातलं काही करत नायत. तरी आमच्या शाळेत माझी जयंती झाली, माझ्या नावाने नारळ फुटला, आणि माझ्या कार्यावर मोठमोठी भाषणं झाली. ती मी सतरंजीवर बसून, पायाला मुंग्या येईपर्यंत ऐकली. हसावं की रडावं तेच कळेना.

माझं नाव संघरत्ना. नववी ब. आमची शाळा शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे, आणि जे काय झालं ते चित्रकलेच्या नरेंद्र सरांमुळे झालं. सर चांगले आहेत, फार चांगले आहेत, पण घाबरट. तासावर नेमलेले आहेत ना, मुख्याध्यापक नुसते शिंकले तरी त्यांना वाटतं आपली नोकरी गेली.

दिवाळीची सुट्टी संपली आणि सर वर्गात एक पिशवी घेऊन आले. पिशवीत छोटे छोटे आरसे. म्हणाले, "यंदा फुलदाणी नाही. झोपडी नाही. दोन डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्य तर अजिबात नाही. यंदा प्रत्येकाने आरशात बघून स्वतःला काढायचं."

वर्गात नुसता खिदळाट. हितेशने स्वतःला काढलं ते नाक्यावर वाढदिवसाचे बॅनर लागतात तसं. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात साखळी, कानाला मोबाईल, आणि खाली शुभेच्छुक म्हणून आमची सगळ्यांची एवढुशी तोंडं. माझ्या बाकावरच्या भाविकाने स्वतःला इतकं गोरं काढलं की नुसता कागदच दिसत होता. सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, आहात तसे काढा रे! आरशात कोण दिसतंय तुम्हाला?"

मी आरशात बघितलं. आमच्या घरी आरसा आहे, पण तो बाबांच्या दाढीच्या उंचीला टांगलेला. मला त्यात कपाळ आणि भांग, एवढंच दिसतं. अख्खं तोंड मी इतका वेळ कधी बघितलंच नव्हतं. जाड चष्मा. भुवईवर वण, लहानपणी उंबऱ्यावर आपटले होते तो. ओठ असे की बघणाऱ्याला वाटावं ही कायम रागावलेली आहे. आणि मी कायम रागावलेलीच असते, हे मला तेव्हा कळलं. पण खरं सांगू? मला ते तोंड आवडलं. फार आवडलं. कोणाला बोलले नाय.

थंडी होती म्हणून आजीची तपकिरी शाल पांघरून बसायचे, तशीच काढली. मागचा रंगही तपकिरी, कारण बाकीच्या बाटल्या सुकल्या होत्या. हसरं तोंड काढायचं मनात होतं, पण दात काढायला गेले की ते मक्याच्या कणसासारखे व्हायचे, म्हणून तोंड मिटूनच ठेवलं. एक दिवस नरेंद्र सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. वाकून चित्र बघायला लागले. मला वाटलं, मेले, काहीतरी चुकलं.

सर म्हणाले, "संघरत्ना, हे चित्र आपण फेब्रुवारीत ठाण्याला जिल्हा स्पर्धेला पाठवू. निवडलेल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत खऱ्या चित्रकारांच्या हाताखाली महिनाभर शिकायला मिळतं."

मला तिथेच नाचावंसं वाटलं. महिनाभर नुसतं चित्र! गणित नाय, भांडी नाय, काय नाय!

"फक्त डावा कान राहिलाय," सर म्हणाले. खरंच राहिला होता. उजवा झाला होता आणि डाव्याच्या जागी नुसता तपकिरी रंग. कान म्हणजे मेली कटकट असते. नाक-डोळे समोर दिसतात, पण आपला कान आपल्याला नीट दिसतच नाय. सर म्हणाले, "घाई नको. आधी कान नीट बघ, कळू दे, मग काढ. आणि खाली सही करायची ती चित्र पूर्ण झालं असं तुला वाटेल तेव्हाच. तोपर्यंत नाही."

म्हणून कान राहिला आणि सहीपण राहिली.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग आलं आणि त्यात आमच्या चित्रांचं प्रदर्शन. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष देवरामभाऊ. आता आमच्याकडे कार्यक्रम कुठलाही असो, दात तपासायचं शिबिर असो नायतर खो-खोची मॅच, आधी प्रतिमापूजन होणार म्हणजे होणार. खुर्चीवर लाल कपडा, त्यावर कोणातरी थोर माणसाचा फोटो, त्याला हार, उदबत्ती, नारळ. देवरामभाऊंनी आयुष्यात इतक्या फोटोंना हार घातलेत की आता त्यांना बघावंसुद्धा लागत नाय. खुर्चीवर फ्रेम दिसली की हात आपोआप पुढे होतो.

त्या दिवशी संस्थापकांचा फोटो काच बदलायला मुरबाडला गेला होता तो आलाच नव्हता. लाल कपड्याची खुर्ची रिकामी. आणि नरेंद्र सर हॉलमध्ये शिडीवर उभे राहून खिळे ठोकत होते. माझं चित्र त्यांनी मापाला म्हणून एका बिनकाचेच्या फ्रेममध्ये बसवलं होतं. हातात हातोडी, खिळा दातांत, मग चित्र कुठे ठेवणार? ठेवलं त्या खुर्चीवर. मिनिटभरासाठी.

तेवढ्यात भाऊ आले. उशिरा आले, आणि पुढे म्हशाच्या जत्रेला बैल बघायला जायची घाई. आले ते तडक खुर्चीपाशी. हात पुढे केला, कोणीतरी हातात हार दिला, भाऊंनी हार घातला. मला! उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला आणि हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. ते उभे म्हणून मुख्याध्यापक उभे, मुख्याध्यापक उभे म्हणून सगळे शिक्षक उभे, आणि मग अख्खी शाळा. नरेंद्र सर शिडीवरच हातोडी छातीशी धरून डोळे मिटून उभे. मीपण हात जोडले. काय करणार? सगळ्यांनी जोडले होते.

भाऊंनी डोळे उघडले, चित्र नीट बघितलं, आणि मुख्याध्यापकांना हळूच विचारलं. पण माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"कोण ह्या?"

आमचे मुख्याध्यापक ज्ञानेश्वर सर. त्यांची पाचावर धारण बसली. संस्थेच्या अध्यक्षांना कोण सांगणार, की साहेब, तुम्ही नववी ब ला हार घातलात? सर म्हणाले, "थोर होत्या साहेब. आपल्याच भागातल्या."

"नाव काय?"

सरांच्या तोंडून जे पहिलं नाव निघालं ते त्यांच्या सासूबाईंचं होतं. "रंभाबाई."

"रंभाबाई!" भाऊंनी माईक ओढून घेतला. "मंडळी, लाज वाटली पायजे आपल्याला! आपल्या मातीत येवढी मोठी बाई होऊन गेली, नि आपल्याला पत्ता नाय! काय नाय केलं रंभाबाईंनी? सगळं केलं! आणि आपण काय केलं? त्यांना इसरलो!" भाऊंनी छातीवर हात मारला. मागच्या रांगेत दोन बायांनी पदर डोळ्याला लावला. मग भाऊंनी जाहीर केलं की ही प्रतिमा कायमची हॉलमध्ये लागेल आणि रंभाबाईंची जयंती दर साली वाजतगाजत होईल. "तारीख सर सांगतील," म्हणाले, आणि बैल बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. चित्र तोपर्यंत हॉलमध्ये पार वर, छताला टेकेल इतकं उंच लागलं होतं. हॉलला कुलूप, आणि किल्ली ज्ञानेश्वर सरांच्या खिशात.

"सर, माझं चित्र द्या."

"हळू बोल, हळू!" सरांनी आधी दार लावलं. "कोणतं चित्र?"

"ते हॉलमधलं. ती मी आहे."

"मला माहीत आहे ती तू आहेस!"

"मग द्या की. कान राहिलाय माझा. ठाण्याला पाठवायचंय."

"अगं, अध्यक्षांनी हार घातलेली प्रतिमा अशी उतरवता येते का? लोक विचारतील का उतरवली, कोणी उतरवली. म्हणतील बाईंचा अपमान झाला. मोर्चा येईल इथे!"

"कुठल्या बाईंचा अपमान?"

"रंभाबाईंचा!"

"सर, रंभाबाई नायच आहेत."

"म्हणून तर पंचाईत आहे ना!" सर खुर्चीत बसले आणि रुमालाने टक्कल पुसू लागले. "असत्या तर त्यांची समजूत घातली असती." मग म्हणाले, "बरं, तुझी जन्मतारीख काय गं?"

"बारा फेब्रुवारी."

"चांगली आहे. सोयीची आहे. परीक्षेच्या आधी पडते." आणि सरांनी फळ्यावर जयंतीची तारीख लिहून टाकली.

मी नरेंद्र सरांकडे गेले. त्यांना सगळं ठाऊक, पण बोलायची हिंमत नाय. म्हणाले, "दुसरं काढ ना, संघरत्ना. हात बसलाय आता तुझा. चित्रं तेरा फेब्रुवारीला न्यायची आहेत." मी काढायला बसले. पण आरशात बघितलं की मला मी दिसेचना. त्या बाई दिसायच्या! हनुवटी वर, डोळे लांब कुठेतरी लागलेले, आता काहीतरी थोर बोलतील असं तोंड. एक चित्र फाडलं, दुसरं फाडलं, तिसऱ्यात तर माझ्याही नकळत गळ्यात हार आला. मी आरसा पालथा घातला आणि रडले. रागाने रडले. माझं तोंड मला एकदाच सापडलं होतं आणि ते यांनी छताला नेऊन टांगलं.

घरी बाबांना सांगितलं. बाबा कल्याणला कामाला जातात, पहाटेच आसनगावची गाडी गाठतात, आणि परत येतात ते अर्धे झोपलेले. म्हणाले, "फोटो लागला ना भिंतीला? आपल्या खानदानात आजवर कोणाचा लागला का? मग गप ऱ्हा."

पण आजी भडकली. माझी आजी गोजाबाई, राग मला तिच्याकडूनच आलाय. "बाबासायबांच्या फोटोला आमी हार घालतो," ती म्हणाली, "पण ते कोण होते, काय केलं त्यांनी, ते आमाला म्हाईत हाय म्हणून घालतो. ह्यांना इचार जा, तुमी कोणाला घातला? आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय!" मग जरा वेळाने म्हणाली, "नि माझी शाल दिसते का गो नीट?"

तिकडे रंभाबाई दिवसेंदिवस मोठ्या होत चालल्या. शाळेने निबंध स्पर्धा ठेवली, 'आमच्या आदर्श रंभाबाई'. मी म्हटलं, हा विषय तर मला येतो. मी सगळं खरं लिहिलं. रंभाबाईंचा जन्म सापगावला मामाच्या घरी झाला. त्यांना गणित येत नाय. त्यांना सुकटाची चटणी आवडते. त्या फार रागीट आहेत आणि त्यांना ठाण्याला जायचं आहे. मला दहापैकी दोन मार्क. शेजारी लाल शाईने शेरा, "माहिती चुकीची. वाचन वाढवा."

पहिला नंबर भाविकाचा. तिला चित्रातल्या कानाचं बरोबर सुचलं. तिने लिहिलं की इंग्रजांनी रंभाबाईंना पकडून साथीदारांची नावं विचारली, बाईंनी तोंड उघडलं नाय, म्हणून साहेबाने त्यांचा डावा कान कापला. तेव्हा बाई म्हणाल्या, "देशाची हाक ऐकायला मला एक कान पुष्कळ आहे." हा निबंध प्रार्थनेच्या वेळी वाचला. ज्ञानेश्वर सरांच्या डोळ्यांत पाणी. तेपण खरं पाणी, मी बघितलं.

मी बाकावर बसल्या बसल्या तिला कोपर मारलं. "अगो भाविका, ती मी आहे. तुझ्या बाजूला बसते."

"माहितेय गो," भाविका म्हणाली. "पण पहिला नंबर आला ना?"

निबंध भाऊंच्या कानावर गेला. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! भाऊ जयंतीच्या मीटिंगला शाळेत आले ते सांगत की रंभाबाई त्यांच्या पणजीची सख्खी मावसबहीण. कानाचं तर पणजी नेहमी सांगायची. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, मी लहान असताना बाईंना बघितलंय, उंच होत्या, गोऱ्यापान होत्या, हाक मारायची तर उजव्या बाजूने मारावी लागायची. मी हे सगळं खिडकीतून ऐकत होते. भाऊंच्या पणजीने माझ्या पणजीच्या हातचं पाणी घेतलं नसतं, आणि आता मी त्यांची मावसपणजी. मला इतकं हसू आलं की हसता हसता घसा दुखायला लागला, आणि मग हसू गेलं आणि दुखणं तेवढं राहिलं.

त्याच आठवड्यात मी एकदा उशिरा पोचले. एसटी आली नव्हती, मी काय करणार? ज्ञानेश्वर सरांनी उशिरा आलेल्यांना हॉलमध्ये उभं केलं, माझ्याच चित्राखाली. मला म्हणाले, "बघ जरा त्यांच्याकडे. शीक काहीतरी!"

मी वर बघितलं. सर मस्करी करत नव्हते. त्या घडीला त्यांना खरंच आठवत नव्हतं की ती मी. चित्रातली रोज हार घेत होती आणि मी तिच्याखाली अंगठे धरून उभी. तेव्हा मी ठरवलं, माझा कान मी पुरा करणार. कोणी चित्र खाली देत नसेल तर मी वर जाणार.

पण कान यायला तर पाहिजे. घरी आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि कान बघायला लागले. आमच्या घरात सगळ्यांचे कान सारखे, वरती जरा दुमडलेले. वरची वळी कशी आत शिरते, मधला खळगा कुठे काळा पडतो, पाळी कुठे गालाला मिळते, सगळं बघितलं. कागदावर काढला. परत काढला. रोज काढला. आजी म्हणाली, "काय गो, माझ्या कानात काय सोनं सापडलं तुला?" मी म्हटलं, हलू नको. ती नाय हलली. तांदूळ निवडायचे राहिले, तरी नाय हलली.

बारा फेब्रुवारी उजाडला. सकाळी आजीने मला गुळाचा खडा भरवला आणि तोंडावरून हात फिरवला. बाकी दिवसभर माझा वाढदिवस कोणाला आठवला नाय, सगळे माझ्या जयंतीच्या गडबडीत होते. गेटला केळीचे खांब, अंगणात रांगोळी, लेझीमवाली मुलं, बॅनरवर देवरामभाऊ मोठे आणि रंभाबाई कोपऱ्यात. ज्ञानेश्वर सरांनी मला आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू उद्या चष्मा न लावता ये. आणि मागे बस." मी चष्मा लावून आले आणि पुढे बसले. वेणीत बारका ब्रश खोचला होता, आणि बामच्या रिकाम्या बाटलीत माझ्या अंगाचा रंग घरूनच कालवून आणला होता.

भाषणं झाली. भाविका रंभाबाई झाली होती, नऊवारी लुगडं, शाल, आणि डाव्या कानावर कापसाची पट्टी. प्रतिमेला पुष्पहार तिच्या हस्ते. पण चित्र केवढं उंच! बाकावर स्टूल ठेवलं, आणि लुगड्यात भाविकाला पाय उचलेना. एकदा चढली, घसरली. दुसऱ्यांदा पट्टी सुटली. लोक चुळबुळ करायला लागले. भाऊंनी घड्याळ बघितलं. ज्ञानेश्वर सर दात-ओठ खात कुजबुजले, "अरे, चढा कोणीतरी!"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत भाविकाच्या हातातला हार घेऊन मी चढले.

वर गेले आणि खूप दिवसांनी तिला जवळून बघितलं. हनुवटी वर नव्हतीच. डोळे लांब कुठे लागलेले नव्हते. साधी रागावलेली मुलगी, चष्मा, वण. माझा जीव भांड्यात पडला. मी हार खिळ्याला अडकवून बाजूला केला, वेणीतून ब्रश काढला आणि बाटली उघडली. खालच्यांना वाटलं मी हार नीट करतेय. आधी वरची वळी. मग आतला खळगा. पाळी गालाला मिळवली, त्यावर उजेडाचा एक ठिपका ठेवला आणि खाली उतरले.

मग कोणीतरी ओरडलं, "अरे, रंग लावला! विटंबना! बाईंची विटंबना!" खुर्च्या सरकल्या. नरेंद्र सर भिंतीला टेकले. ज्ञानेश्वर सर तर पांढरेफटक, कधी चित्राकडे बघत, कधी माझ्याकडे. बायांच्या बाजूने आजीचा आवाज आला, "पोरीला हात लावायचा नाय कोणी! सांगून ठेवते!"

देवरामभाऊ उठले. हात वर करून सगळ्यांना गप केलं. मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

"ह्या रंभाबाई नायत," भाऊ म्हणाले.

ज्ञानेश्वर सरांनी रुमाल तोंडाला धरला.

"रंभाबाईंना एक कान होता. अख्ख्या तालुक्याला म्हाईत हाय. आमची पणजी सांगायची. ह्या बाईला दोन-दोन कान!" भाऊ ज्ञानेश्वर सरांकडे वळले. "सर, हा खोटा फोटो लावला कोणी?"

ज्ञानेश्वर सरांच्या तोंडावर इतकं सुख मी कधी बघितलं नव्हतं. "चूक झाली साहेब! गडबडीत झाली! लगेच उतरवतो!" आणि स्वतः स्टुलावर चढले, बूट घालूनच. महिनाभर जे चित्र मोर्चाच्या भीतीने उतरत नव्हतं ते चुटकीसरशी खाली आलं.

भाऊंनी फ्रेम हातात घेतली. लांब धरून बघितली, जवळ आणून बघितली. मग त्यांची नजर समोर गेली, तर समोर मी. शाल नव्हती, पण बाकी सगळं तेच. ब्रश मी पाठीमागे धरला होता.

"काय गो," भाऊ म्हणाले, "ही तर तुझ्यावाणी दिसते."

"होय," मी म्हटलं.

"लय सारखी हाय. वणसुद्धा हाय." त्यांनी परत एकदा चित्राकडे आणि माझ्याकडे बघितलं. आमच्या दोघींकडे कोणी असं एकदम बघितलंच नव्हतं तोवर. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मला त्याचा राग आला. "घे, ने घरी. इथे काय उपेग हिचा?"

मी चित्र घेतलं आणि मागे गेले. नरेंद्र सर तिथे होते. त्यांनी कान बघितला. बोटाने हवेतच त्याची वळी गिरवली. मग खिशातला पेन काढून माझ्यासमोर धरला आणि मला वाटतं त्या शाळेत पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "संघरत्ना, झालं ना पूर्ण? मग सही कर. उद्या सकाळच्या एसटीने आपण ठाण्याला जातोय. मी रजा टाकतो."

मी सतरंजीवर बसून खालच्या कोपऱ्यात सही केली. पूर्ण नाव लिहिलं. तिकडे पुढे गडबड चालली होती की आता पूजन कशाचं करायचं? भाऊंना जायची घाई होती. कार्यक्रम तर उरकला पाहिजे. भिंतीवर खिळा होता आणि खिळ्याला मी अडकवलेला हार तसाच लोंबत होता. ज्ञानेश्वर सर माईकवर म्हणाले, "रंभाबाईंची खरी प्रतिमा मिळेपर्यंत..." आणि खिळ्याकडे बघायला लागले. पण भाऊंनी उदबत्ती पेटवली होती. त्यांनी ती खिळ्याला ओवाळली, नारळ फोडला आणि डोळे मिटले. ते उभे म्हणून सर उभे, मग सगळे शिक्षक, मग लेझीमवाली मुलं, एका कानाची भाविका, सगळी शाळा. सगळ्यांनी त्या खिळ्याला हात जोडले.

मी नाय जोडले. माझ्या दोन्ही हातांत माझं चित्र होतं.